किटलीतला दगड

नोबुकोनं किटली झऱ्याखाली धरलीच नाही. ती बाजूच्या पायरीवर ठेवली, झाकण काढलं आणि एप्रनमध्ये गुंडाळून आणलेला दगड बाहेर काढला. दगड मी लगेच ओळखला. तिच्या मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपावर दडपण म्हणून असायचा तोच. रोज तिच्या ओट्याशी उभी राहून मी तो पाहिलेला. तिनं एक फडकं झऱ्यात भिजवलं, पिळलं, दगडाभोवती घट्ट आवळलं आणि ते बोचकं किटलीत कोंबलं. मग किटली उचलून माझ्या हातात दिली.

"जड लागते का?"

लागत होती. भरलेल्या किटलीइतकी जड लागत होती.

"आणि पाणी?" मी विचारलं.

"आज पाणी नाही," ती म्हणाली आणि झाकणावर पांढरं फडकं घालून गाठ मारायला बसली. गाठ काही बसेना. शेवटी मीच मारून दिली.

आता हे सगळं कुठलं आणि कधीचं ते सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारीला भ्रम झाला. साल चौसष्टचं. आमच्या ह्यांना सांगलीच्या कारखान्यानं ओतकामाचं शिक्षण घ्यायला जपानला पाठवलं होतं, उत्तरेकडच्या एका गावी. गाव म्हणजे पुढं समुद्र, मागं डोंगर आणि मध्ये पोलादाचा कारखाना, एवढंच. सगळे गडी कारखान्यात. आम्हाला कामगारांच्या चाळीतच दोन खोल्या मिळाल्या. भिंती अशा पातळ की पलीकडं कुणी शिंकलं तर इकडून 'सत्यं' म्हणावं. पलीकडं हागिवारा नवरा-बायको राहायचे, तेरुओसान आणि नोबुको. मला जपानी येईना, तिला मराठी यायचा प्रश्नच नाही, पण दोन बायका एका नळावर आल्या की भाषा अडत नाही. मला त्या देशात जे चार शब्द आले ते तिनं शिकवले. लिमये म्हणायला तिची जीभ वळायची नाही. रिमाये-सान म्हणायची मला. सान म्हणजे आपलं राव किंवा बाई.

तेरुओसान भट्टीवर कामाला होते, पण गावात त्यांची ओळख रग्बीची. तो खेळ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा ह्यांना म्हटलं, हे तर आपलं हुतूतू आणि कुस्ती एकत्र करून वर लांबुळका चेंडू दिलाय. सांगलीकडची मी, लहानपणापासून तालमी बघत आलेली, माणूस आपटला की मला काही वाटत नसे. पण तिथलं आपटणं वेगळं होतं. पंधरा जण एकीकडं, पंधरा दुसरीकडं, आणि पळत येणाऱ्याला मांड्यांत घुसून आडवा करायचा. तेरुओसान त्यात एक नंबर. समोरून रेडा आला तरी हटायचे नाहीत. घरी मात्र इतके गरीब की नोबुकोनं चहा दिला तरी मान लववायचे.

त्या गावाचं रग्बीवेड साधं नव्हतं. युद्धाच्या दिवसांत शत्रूची भाषा म्हणून त्या खेळाचं नावसुद्धा तोंडातून काढायची सोय नव्हती. युद्ध संपलं तेव्हा निम्मा कारखाना तोफांनी पाडलेला, पोटाला अन्न नाही, आणि परत आलेल्या पोरांना कशात मन घालावं कळेना. तेव्हा कारखान्यातल्या काही जणांनी राख आणि खडी सपाट करून मैदान केलं आणि जळक्या वाशांचे खांब उभे केले. चेंडूसुद्धा भट्टीवरच्या कातडी एप्रनांतून शिवला. ही हकिकत मला ओनोदेरासाननी सांगितली. ते संघाचे म्हातारे व्यवस्थापक. पहिल्या सामन्याला ना डॉक्टर होता ना औषध, म्हणून पोरगं बेशुद्ध पडलं की देवळामागच्या झऱ्याचं पाणी किटलीतून त्याच्या तोंडावर ओतायचे. पोरगं उठायचं आणि पुन्हा पळायचं. लोक टाळ्या वाजवायचे.

पुढं अन्न आलं, डॉक्टर आला, कापडाचे सुंदर शर्ट आले, पण किटली राहिली. जपानभर सगळेच संघ किटली ठेवायचे म्हणे, पण ह्या गावात तिला रीत होती. सामन्याच्या दिवशी एका खेळाडूच्या बायकोनं झऱ्यावर जाऊन ती भरायची. पाळी लावलेली असायची आणि आज कुणाची पाळी ते गावात पोरासोरांनाही ठाऊक. झाकणावर पांढरं फडकं बांधून किटली मैदानाच्या कडेला ठेवायची. गडी पडला की ओनोदेरासान ती घेऊन धावायचे. आणि त्या पाण्यानं माणूस उठतोच, असं लोक मानायचे. न उठणं म्हणजे पाण्याचा अपमान. त्या काळी पडलेल्याच्या जागी दुसरा घ्यायचा नियम नव्हता. तो बाहेर गेला तर बाकीच्या चौदांनीच खेळायचं. त्यामुळं उठणं भागच होतं.

दगड किटलीत गेला त्या सामन्याच्या आधी तीनेक आठवड्यांची गोष्ट. दिवेलागणीला आमचं दार सरकलं आणि तेरुओसान आत आले. सार्वजनिक न्हाणीघरातून आलेले, खांद्यावर पंचा, हातात साबणाची डबी. चपला काढल्या आणि आमच्या बैठ्या टेबलाशी मांडी घालून बसले. हे घरी नव्हते. मी एकटी. मला वाटलं काही निरोप असेल, पण ते गप्प बसून राहिले, जेवायला वाढायची वाट बघत असतात तसे. आता आलेल्या माणसाला कसं म्हणायचं, काय हवंय? मी भात वाढला, वर आमटी घातली. ते खाली मान घालून जेवले आणि म्हणाले, "आज सूप पिवळं झालंय."

मी हसले. मला वाटलं गंमत करतायत. मग त्यांनी मान वर केली, माझं कुंकू पाहिलं, साडी पाहिली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आजही विसरता येत नाही. लहान मूल जत्रेत हात सुटल्यावर बघतं तसे ते बघत होते. आपण कुठं आहोत हेच त्यांना कळत नव्हतं.

भिंतीपलीकडून नोबुको धावत आली. त्यांना घेऊन गेली, आणि थोड्या वेळानं पुन्हा येऊन माझ्यासमोर जमिनीला कपाळ टेकवून बसली. मग सगळं बाहेर आलं. मागच्या सामन्यात त्यांचं डोकं कुणाच्या तरी गुडघ्यावर आपटलं होतं. तेव्हापासून डोकं दुखायचं, उलट्या व्हायच्या, बोलता बोलता मधलेच शब्द हरवायचे. संघाच्या डॉक्टरनं डोळ्यांत बॅटरी मारून ठीक आहे म्हटलं होतं. मी म्हटलं, मग सांग ना ओनोदेरासानना, खेळू देऊ नका म्हणावं. ती म्हणाली, बायकोनं जाऊन नवऱ्याचं दुखणं सांगायचं म्हणजे त्यांनी पुन्हा मैदानात तोंड कसं दाखवायचं? मी चिडले. म्हटलं, तोंड राहिलं तर दाखवतील ना. पण ती नुसती मान हलवत राहिली. आमच्याकडं तसं नाही, एवढंच म्हणाली.

पुढचा सामना दक्षिणेकडच्या दुसऱ्या एका कारखान्याशी होता. जिंकलं तर गावाचा संघ पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. तेरुओसान तेव्हा बत्तीस वर्षांचे झाले होते, पुढच्या वर्षी खेळणं थांबवणारच होते. नोबुकोला एवढंच हवं होतं की हा एक सामना त्यांच्या हातून निसटावा आणि माणूस धड घरी यावा. आणि किटली भरायची पाळी नेमकी तिची आली.

म्हणून तो दगड. झऱ्यावर बसून तिनं मला समजावलं. ते पडणार, कारण आता साध्या धक्क्यानंही पडतात. ओनोदेरासान किटली घेऊन धावणार. पाणी असलं तर त्यांना उठावंच लागेल. पाणी नसलं तर? मैदानात नळ नाही, झरा एवढा लांब. मग न उठण्यात त्यांची काय चूक? स्ट्रेचर येईल, बाहेर नेतील. दोष आला तर तो किटली भरणारीवर.

"गाव तुला काय म्हणेल?" मी म्हटलं.

"म्हणू दे," ती म्हणाली. "बायको वेंधळी निघाली म्हणतील. ते जिवंत तर असतील."

मला ते पटलं. खरं सांगते, मला तर ती फार हुशारी वाटली. येताना किटली आम्ही दोघींनी कडी धरून आणली.

दिवस कोरडा, थंडीचा. मैदानाच्या कडेला सतरंज्या टाकून अख्खं गाव बसलेलं. खेळाडूंच्या बायका एका रांगेत बसायच्या, मला पाहुणी म्हणून त्यांच्यातच जागा. हे मागच्या सतरंजीवरून मला खेळातलं समजावून सांगत होते आणि माझं एका अक्षराकडं लक्ष नव्हतं. नोबुको मांडीवर हात ठेवून ताठ बसली होती. पहिला अर्धा भाग तेरुओसान पडले नाहीत. माझं मन काय विचित्र झालं होतं बघा, एका माणसाचं भलं व्हावं म्हणून तो लवकर पडावा अशी मी देवाची करुणा भाकत होते.

दुसऱ्या भागात पडले. समोरचा एक दांडगा गडी चेंडू पोटाशी धरून आला, तेरुओसान त्याच्या मांड्यांत घुसले, तो आडवा झाला आणि तेरुओसान उठलेच नाहीत. शिट्टी झाली. ओनोदेरासान किटली उचलून धावले. नोबुकोनं माझं मनगट धरलं. ओनोदेरासान वाकले, फडकं सोडलं आणि किटली कलती केली. आम्ही बरेच लांब होतो, पण तोटीतून काही पडलं नाही हे मला दिसलं. पाहुण्यांच्या बाजूनं कुणीतरी हसलं. मग आणखी दोघं-तिघं हसले. आमच्या रांगेतल्या बायकांनी माना वळवून नोबुकोकडं बघितलं. तिनं मान खाली घातली, पण माझ्या मनगटावरची पकड सैल झाली. झालं होतं तिच्या मनासारखं.

ओनोदेरासान तसेच वाकून काहीतरी बोलत होते. आणि मग तेरुओसान उठून बसले.

ते उठून बसले, दोन्ही हातांनी तोंड पुसलं, शर्टाच्या बाहीनं मान पुसली. भिजलेला माणूस पुसतो तसं, सावकाश. डोकं झटकलं. आणि उभे राहिले. हसणारे गप्प झाले. पाणी पडलेलं दिसतंय, असं आजूबाजूला सगळे म्हणायला लागले, आणि टाळ्यांचा एकच कडकडाट झाला.

नोबुको माझ्याकडं वळली. "पाणी नव्हतं," ती पुटपुटली. "रिमाये-सान, पाणी नव्हतं ना? मग ते तोंड कशाला पुसतायत?"

 मी तिचा हात धरून बसले.

ते शेवटपर्यंत खेळले. आपला संघ जिंकला, माणसं रडली, टोप्या उडवल्या. सामना संपला की पंच 'नो-साइड' म्हणून पुकारतो. म्हणजे आता बाजू उरल्या नाहीत, सगळे एक झाले. इंग्रजांनी कधीच सोडून दिलेला तो शब्द जपान्यांनी जिवापाड जपलाय. मग दोन्ही संघ समोरासमोर रांगेत उभे राहून एकमेकांना वाकून नमस्कार करतात. तेरुओसान पाहुण्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले आणि आपल्याच माणसांना वाकून नमस्कार केला. लोकांना वाटलं जिंकल्याच्या आनंदात थट्टा करतायत. सगळे हसले, पाहुण्यांनीसुद्धा त्यांच्या खांद्यावर हात टाकला. आम्ही दोघी तेवढ्या हसलो नाही. मग दोन्ही संघ एकत्र न्हाणीघरात गेले, आणि तिथं गरम पाण्याच्या हौदात तेरुओसान कलंडले.

मेले नाहीत. कितीतरी दिवस इस्पितळात होते, डोक्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि जिवंत घरी आले. पण आले ते पहिले तेरुओसान नव्हतेच.

ते इस्पितळात असतानाच एका दुपारी ओनोदेरासान माझ्या दारात आले. वाकून नमस्कार केला, आत यायला नको म्हणाले, आणि फडक्यात बांधलेलं एक ओझं उंबऱ्याशी ठेवलं. मी न सोडताच ओळखलं.

"किटलीत होता," ते म्हणाले. "हागिवारांच्या घरचा असावा."

मला काय वाटलं कोण जाणे. त्या गावात नोबुकोला जन्म काढायचा होता आणि मी आज ना उद्या जाणारी. मी सरळ म्हटलं, "माझा आहे तो. किटली त्या दिवशी मी भरली. नोबुकोला बरं नव्हतं. मला तुमची रीत माहीत नाही, चुकलं माझं."

त्यांनी दगडाकडं पाहिलं. मुळ्याच्या आंबट लोणच्याचा वास माझ्यापर्यंत येत होता, त्यांच्यापर्यंतही गेलाच असणार.

"तुमच्याकडं मुळ्याचं लोणचं घालतात?"

"घालतात," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा मान लववली. मग उंबऱ्यावरच बसले आणि मला सोपं जावं म्हणून सावकाश, शब्द तोडून बोलायला लागले. म्हणाले, पळताना भरल्या किटलीत पाणी डुचमळतं, हाताला कळतं. त्या दिवशी निम्म्या वाटेवरच त्यांना कळलं होतं. आणि कळल्यावर बरं वाटलं होतं. त्या पोराला पुन्हा उभं करायची त्यांनाही इच्छा नव्हती, पण इतकी वर्षं पाणी ओतत आलेल्या माणसानं पाणी नको म्हणायचं कसं? ते त्यांच्यासाठी कुणीतरी केलं होतं.

"मी त्याला सांगितलं, तेरुओ, किटली रिकामी आहे. पडून राहा, स्ट्रेचर बोलावतो. त्यानं डोळे उघडले. लोक हसत होते ते त्याला ऐकू आलं. मला म्हणाला, 'आज पाळी कुणाची?'"

ओनोदेरासाननी दगडाच्या फडक्याची गाठ चाचपली. 

"मी नाव सांगायला नको होतं. तोंडातून निघून गेलं. म्हटलं, नोबुकोची. तेव्हा तो उठून बसला, तोंड पुसलं, आणि पलीकडच्या कप्तानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, 'काय गार आहे पाणी.'"

जाताना त्यांनी मला विनंती केली की हे हागिवाराबाईंना कळू नये. मी शब्द दिला. दार लावलं आणि तिथंच भिंतीला टेकून रडले. तोंडात हात कोंबून रडले, पलीकडं ऐकू जाऊ नये म्हणून.

आम्ही सांगलीला परत निघालो त्याच्या आदल्या दिवशी नोबुकोनं आम्हाला चहाला बोलावलं. तेरुओसान खिडकीशी बसले होते. अंगानं तसेच दणकट, चेहरा शांत. मी नमस्कार केला, त्यांनी केला. मी कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं. नोबुको कोण तेही ठाऊक नव्हतं, पण तिनं हात धरला की ते तिच्याबरोबर जायचे. कारखान्यानं तिला कँटीनमध्ये काम दिलं होतं, शेजारणी आळीपाळीनं त्यांच्यापाशी बसायच्या. गाव तिच्याशी चांगलंच वागत होतं. किटलीचा विषय कुणी काढत नव्हतं.

नोबुकोनं चहाची किटली उचलली आणि त्यांच्या पेल्यात ओतायला कलती केली. तेरुओसाननी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. बाहीनं मान पुसली. डोकं झटकलं आणि टेबलाला हात टेकून ताडकन उभे राहिले. त्या एवढ्याशा खोलीत ते इकडं तिकडं चेंडू शोधायला लागले. हे घाबरून उठले. मी जागची हलले नाही.

"रोजच करतात," नोबुको म्हणाली. "त्या दिवशी त्यांना खरंच वाटलं असणार पाणी पडलं म्हणून. डोकं ठिकाणावर नव्हतं ना. रिकाम्या किटलीलाही पाणी समजले. हो ना, रिमाये-सान?"

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला त्या 'हो'ची किती गरज होती ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

"हो," मी म्हटलं. "तसंच असणार."

गेल्या थंडीत नोबुको गेली. तिच्या भाचीनं फोन करून कळवलं. तेरुओसान तर कधीच गेले होते, आणि त्यांच्याही आधी ओनोदेरासान. ज्याला शब्द दिला तो नाही, जिच्यापासून लपवलं तीही नाही, म्हणून आज बोलले. दगड अजून माझ्यापाशी आहे. लोणच्यासाठी तो मी कधी वापरला नाही.

त्या चहाच्या दिवशी नोबुको उठली, तेरुओसानच्या समोर जाऊन उभी राहिली आणि त्यांचा हात हातात घेतला.

"बसा," ती म्हणाली. "नो-साइड झालं."

ते थांबले. तिच्याकडं बघून त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला, समोरच्या संघाला करतात तसा, आणि खाली बसून चहा प्यायला लागले.